बाग की तळघराचे छत?

महोदय,

दाट वस्तीच्या शहरांत उभ्या राहणाऱ्या कॉर्पोरेट संकुलांच्या जाहिरातींत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द हमखास असतात. प्रत्यक्षात दिसते ती एकसारखी कापलेली हिरवळ, रांगेतले पाम आणि एखादे कारंजे. या हिरवळीला सतत पाणी आणि कापणी लागते. फुलपाखरांना मात्र तिथे ना मध मिळतो, ना अळ्यांसाठी पाने.

खरी अडचण जमिनीखाली आहे. आवाराच्या पोटात वाहनतळ असतो, म्हणून बाग त्याच्या स्लॅबवर येते. तिथे जेमतेम फूटभर माती टाकायची आणि चित्रात मोठाले वृक्ष रंगवायचे! वृक्षाला निदान मीटरभर खोल माती हवी. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड ते दोन टन भरते, म्हणजे हा भार इमारतीच्या मूळ आराखड्यातच धरायला हवा. बागेचा तज्ज्ञ मात्र बांधकाम संपत आल्यावर बोलावला जातो.

जपानमधील फुकुओका येथे १९९५ मध्ये पूर्ण झालेल्या अ‍ॅक्रॉस इमारतीत वास्तुरचनाकार एमिलिओ अंबाझ यांनी एक अख्खी बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या टेकडीसारखी रचून शेजारच्या उद्यानाला जोडली. सुरुवातीला तिथे ७६ प्रजाती लावल्या होत्या. पक्ष्यांनी आणलेल्या बियांनी पुढे त्यांत भर घातली.

सर्वांना टेकडी परवडणार नाही. पण आवाराचा एक कोपरा तळघराविना सोडता येतो. पावसाचे पाणी मुरायलाही तीच जागा लागते.

– एक वाचक