वार्षिकांक देखणा होतो, पण त्यातला मजकूर शोधता येत नाही

संपादक महोदय,

फेब्रुवारी उजाडला की महाविद्यालयांत दोन कामे एकदम अंगावर येतात: २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनाची भित्तिपत्रके आणि वार्षिकांकाची जुळवाजुळव. दोन्ही आता विद्यार्थीच करतात, तीही बहुधा फोनवर किंवा मागून आणलेल्या लॅपटॉपवर. कविता, रेखाटने, व्यंगचित्रे, गावातल्या कारागिरांच्या मुलाखती यांची वानवा नसते. घोडे अडते ते मजकूर टाइप करून पानावर बसवताना. मोबाइलने मुलांची सर्जनशीलता संपवली, अशी पत्रे या सदरात अधूनमधून येतात. उपयोजित कला शिकणारी विद्यार्थिनी म्हणून मला वाटते, की तक्रारीचा पत्ता चुकला आहे. साधने हाताशी आहेत, त्यांतली बरीचशी फुकट आहेत. त्यांत मराठी अक्षर नीट कसे बसवावे, एवढेच कोणी शिकवत नाही.

सुरुवात टायपिंगपासूनच होते. बहुतेक मुले रोमन अक्षरांत शब्द लिहितात आणि फोन त्याचे देवनागरी करून देतो. गप्पांसाठी हे ठीक आहे. पण फोन अंदाज बांधतो आणि सर्वाधिक वापरला जाणारा शब्द पुढे करतो. त्यामुळे ण-न, ळ-ल, ऱ्हस्व-दीर्घ यांची सरमिसळ होते आणि बोलीभाषेतल्या गोष्टीचे तर मातेरे होते. ‘व्हतं’ लिहायला जावे तर ‘होतं’ उमटते; अहिराणी किंवा मालवणी संवाद लिहिणाऱ्याला दर ओळीत फोनशी भांडावे लागते. बोलून टाइप करणाऱ्यांचीही तीच गत. उपाय साधा आहे. बोलीत लिहिण्याआधी कळपाटाच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप दुरुस्ती बंद करावी आणि वारंवार लागणारे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवावेत.

संगणकावर इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी, शिकणे सर्वांत फायद्याचे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, पाय मोडायला ‘डी’ची कळ. रचना इतकी पद्धतशीर आहे की पंधरा-वीस दिवसांच्या नियमित सरावाने हात बसतो, आणि हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही चालते. ‘ऱ्य’ हवा असेल तर शिफ्ट धरून ‘जे’ (हा झाला ऱ), मग ‘डी’, मग तिरक्या रेघेची कळ (य). साधा र वापरला तर रफार येतो. आचार्यांना बोलावले आणि आचाऱ्यांना बोलावले, यांत मांडवात येणारी माणसेच बदलतात, तेव्हा ही कळ शिकून घेतलेली बरी. वाऱ्यावर, दऱ्या, बिऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड हे सगळे शब्द हिच्यावर अवलंबून आहेत.

काही चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, २००८ साली आले. त्याआधी अ लिहून वर अर्धचंद्र देत, आणि अनेक जण अजूनही तसेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत. एका प्रकारे लिहिलेले ‘ॲप’ दुसऱ्या प्रकाराने शोधले तर सापडेलच असे नाही. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकणे ही त्याहून जुनी खोड. ‘दुःख’ डोळ्यांना बरोबर दिसते, पण मधल्या टिंबांनी शब्दाचे दोन तुकडे झालेले असतात आणि ओळ संपताना तो तिथेच तुटण्याचा धोका असतो. संपादक मंडळाने सगळे लेखन एका फाइलमध्ये आणले की पहिल्याच दिवशी ‘शोधा आणि बदला’ वापरून या दोन गोष्टी एकसारख्या करून घ्याव्यात. मुद्रितशोधकाचे बरेच काम वाचते.

आता छापखान्याकडे वळू. ‘युनिकोड चालत नाही, आमच्या फॉण्टमध्ये द्या’ हे वाक्य वार्षिकांक काढणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची आणि देवनागरी तीत पहिल्यापासून आहे. डीटीपीच्या (संगणकावरच्या पानजुळणीच्या) सुरुवातीच्या काळात मात्र संगणकांना आणि मांडणीच्या प्रणालींना देवनागरी हाताळता येत नव्हती, म्हणून फॉण्ट करणाऱ्यांनी शक्कल लढवली: इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. कृतीदेवसारखे फॉण्ट असेच चालतात. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजी चिन्हांची भेळच असते. फॉण्ट काढून घेतला की ती उघडी पडते. त्या काळात ही तोड हुशारीचीच होती. श्री-लिपीसारख्या मराठी टायपिंगच्या पॅकेजांनी पुढे युनिकोडही दिले. तरीही अनेक छापखान्यांत जुनीच आवृत्ती आणि जुनीच सवय चालू आहे.

अशा फॉण्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि रफार अक्षरानंतर, म्हणजे डोळ्यांना दिसतो तो क्रम. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी व्यंजन, मग वेलांटी, आधी र आणि मोडलेला पाय, मग पुढचे अक्षर. मजकूर इकडून तिकडे नेणाऱ्या कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि तो नेमका तिथेच चुकतो. म्हणून रूपांतरानंतर सबंध अंक पुन्हा वाचायला वेळ नसेल, तर निदान रफार, जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी, ऱ्य-ऱ्ह आणि द्य, द्ध, ह्म यांच्यासारखी जोडाक्षरे तरी डोळ्यांखालून घालावीत. ‘विद्यार्थिनी’ हा चाचणीसाठी उत्तम शब्द आहे, त्यात जवळजवळ सगळी संकटे एकत्र आहेत.

मांडणी स्वतः करणाऱ्यांना दुसरीच अडचण येते. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रणालीत मराठी मजकूर चिकटवला की वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. दोष फॉण्टचा नसतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (ओळी जुळवण्याची पद्धत) निवडला की अक्षरे जागेवर येतात. इलस्ट्रेटर या चित्ररचनेच्या प्रणालीत आधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण करावी लागते. सोबत भाषा म्हणून मराठी निवडावी. ज्या फॉण्टमध्ये सोय आहे, त्यांत ल आणि श आपल्या वळणाचे येतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फुकट मिळणारा फॉण्ट तर मराठी वळणे धरूनच केला आहे. सलग वाचनाच्या मजकुराला तो किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ उत्तम. शीर्षकाला ‘बालू’ किंवा मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा वन’ घ्यावा. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत. चोरीचा फॉण्ट वापरायची गरजच उरत नाही.

शीर्षकांची खरी हानी होते ती इंग्रजीचे नियम मराठीला लावल्यामुळे. पोस्टर करायच्या ॲपमध्ये अक्षरांमधले अंतर वाढवायची पट्टी असते. रोमन मोठ्या अक्षरांना ती शोभते. देवनागरीत मात्र शिरोरेघ जागोजागी तुटते आणि शब्द कवळी निघाल्यासारखा दिसतो. हे अंतर कायम शून्य ठेवावे. शीर्षक रुंद हवे असेल तर रुंद फॉण्ट निवडावा किंवा आकार वाढवावा. दोन्ही कडा सरळ हव्यात म्हणून ओळ ताणली जाते तेव्हाही अंतर शब्दांमध्येच वाढेल, अक्षरांमध्ये नाही, हे पाहावे. अरुंद स्तंभात तर उजवी कडा मोकळी सोडलेली चांगली. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते, कारण वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार असा दोन्हीकडचा पसारा असतो. बारा पॉइंटच्या अक्षराला अठराच्या आसपास अंतर दिले की ‘कूं’ आणि ‘र्कैं’ एकमेकांवर चढत नाहीत.

अक्षरांना बाह्यरेषा दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेघेत उभी चीर दिसू लागते, कारण शेजारची अक्षरे तिथे एकमेकांवर थोडी चढलेली असतात. त्याच मजकुराची एक प्रत खाली ठेवून रेषा फक्त तिला द्यावी आणि वर रेषेविना प्रत ठेवावी. चीर झाकली जाते. अर्धपारदर्शक रंगातही काही साधनांत हाच डाग उमटतो, तिथे अक्षरे आधी एकसंध आकारात जोडून घ्यावीत. रीलमध्ये एकेक अक्षर उडत येणारी हालचाल देवनागरीला लावूच नये. तिथे काना एकीकडे आणि व्यंजन दुसरीकडे धावते. शब्दाशब्दाने किंवा ओळीने येणारी हालचाल निवडावी. अक्षरे एकाखाली एक रचून उभे शीर्षक करण्याचा मोहही आवरावा; शिरोरेघेची लिपी आडवीच चालते.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पोस्टर करून घेण्याची लाट आहे. तिच्याबद्दल एवढेच, की चित्रात उमटलेली देवनागरी बऱ्याचदा मोडकी असते आणि भाषादिनाच्या पोस्टरवर ती फारच केविलवाणी दिसते. चित्र हवे तर तिथून घ्या, अक्षरे मात्र वेगळी टाइप करून वर बसवा.

छपाईला पाठवताना घात करते ते व्हॉट्सॲप. तिथून फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते. ए-४ पानभर छापायचे तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. हाती येते त्याहून कितीतरी लहान. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फ्लेक्सवाल्यांकडे कोरलड्रॉ या चित्ररचनेच्या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या असतात, त्यांना अक्षरे ‘कर्व्ह’ करूनच द्यावी लागतात. मात्र कर्व्ह केले की अक्षरे चित्र होतात, मग त्यात वेलांटीही सुधारता येत नाही. त्यामुळे कर्व्ह करण्याआधीची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवायची. मुद्रितशोधन अर्थातच त्याआधी संपलेले हवे.

आणि हा माझा मुख्य मुद्दा. अंक छापून झाला की त्याची पीडीएफ महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढते आणि सगळ्यांना वाटते, जतन झाले. ती पीडीएफ उघडून एखादी ओळ निवडा, कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवा. जुन्या फॉण्टमधली असेल तर इंग्रजी चिन्हांचा कचरा येतो; कर्व्ह केलेली किंवा स्कॅन केलेली असेल तर निवडायलाच काही मिळत नाही. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येसुद्धा जोडाक्षरे कधी कधी तुटतात, कारण पीडीएफ अक्षरांचे आकार साठवते आणि आकारावरून मूळ अक्षरे कोणती, ही नोंद अपुरी राहू शकते. परिणाम असा, की एखाद्या मुलीने आपल्या गावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून अंकात दिल्या, तर पाच वर्षांनी शोधयंत्राला त्यांचा मागमूस लागत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या फोनला त्या वाचून दाखवता येत नाहीत. पुढच्या अंकाच्या संपादकांना त्या परत टाइप कराव्या लागतात.

म्हणून प्रत्येक अंकाबरोबर सगळा मजकूर साध्या युनिकोड फाइलमध्ये, लेखागणिक वेगळा, लेखकाचे नाव आणि वर्ष घालून ग्रंथालयात जमा करावा. खर्च शून्य, काम फार तर एका दुपारचे. ज्या अंकांचा मूळ मजकूर हरवला आहे, त्यांची स्वच्छ स्कॅन केलेली पाने गूगल ड्राइव्हमध्ये चढवून डॉक्स म्हणून उघडली तर मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. छपाई पुसट असेल तर अनुस्वार आणि रफार हाताने तपासावे लागतात.

काही विद्यापीठे वार्षिकांकांच्या स्पर्धा घेतात. मुखपृष्ठ, संपादकीय, मुद्रण यांना गुण असतात. त्यांत ‘मजकूर युनिकोडमध्ये उपलब्ध आहे का’ ही एक ओळ घालावी. गुणांसाठी का होईना, महाविद्यालये छापखान्याकडे मूळ फाइल मागू लागतील. यंदाच्या २७ फेब्रुवारीला भाषणांच्या कार्यक्रमातून दोन तास काढून संगणककक्षात इन्स्क्रिप्टची ओळख, ‘ऱ्य’ची कळ आणि पीडीएफची कॉपी-चाचणी एवढेच शिकवता येईल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. कक्षाची किल्ली मात्र त्या दिवशी मिळायला हवी.

– उपयोजित कला शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे