बंड्या, काल तुझं नाव पाठीवर घेऊन चाललो

डोंबिवली, सोमवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

काल मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये चाललो. 5.9 किलोमीटर. धावलो नाही, पण कुठे बसलोही नाही. रात्री तुला फोन लावणार होतो, पण बोलताना गळा दाटला असता आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून पत्र.

पहाटेची लोकल पळणाऱ्यांनीच भरली होती. समोरच्या आजोबांना छातीवरच्या नंबराची सेफ्टी पिन लागेना, ती मी लावून दिली. मग त्यांनी माझ्या पाठीवरचा कागद सारखा करून दिला. त्यावर आमच्या चिमीने मोठ्या अक्षरात तुझं नाव लिहिलं होतं. "हे कोण?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "माझा मित्र. याच्यामुळे मी आहे."

गाडीने परळ ओलांडलं आणि मी खिडकीकडे वळलो. तो पावसाळा आठवला. केमोनंतर माझ्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, दहा हजारांच्या खाली गेल्या होत्या आणि दात्याने दिलेल्या प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणजे साठवून ठेवायचीही सोय नाही. माणूसच यावा लागतो. तू पनवेलहून रात्रपाळी करून थेट परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला आलास. रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढणाऱ्या त्या मशीनला दीड तास हात देऊन पडलास. ओठांना मुंग्या आल्या म्हणून त्यांनी तुला कॅल्शियमची गोळी दिली, हे तू मला सांगितलंच नाहीस. वहिनींकडून कळलं, तेही वर्षभराने. संध्याकाळी ती पिवळसर पिशवी माझ्या डोक्याशी लटकली. कैरीच्या पन्ह्याचा रंग असतो ना, अगदी तसा. थेंब थेंब उतरताना मी बघत राहिलो. त्या महिन्यात तू चारदा आलास.

मरीन ड्राइव्हवर ऊन चढलं होतं. कठड्याशी एक मावशी संत्र्याच्या फोडींना मीठ लावून येईल त्याच्या हातावर ठेवत होत्या. ढोल वाजत होते. शेवटच्या किलोमीटरला पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा एका पोराने मागून तुझं नाव मोठ्याने वाचलं आणि त्याच्या मित्रांनी ते ओरडायला सुरुवात केली. शेवटच्या रेषेपर्यंत तुझ्या नावाचा पुकारा होत होता, बंड्या. मी रडलो. लाज वाटली नाही.

चालण्याच्या निमित्ताने ऑफिसात आणि सोसायटीत फिरून 41,500 रुपये जमवले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नेऊन देणार आहे. बाहेरगावचे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. मला तर रोज संध्याकाळी घरचा डबा यायचा. जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर रिपोर्टांची पिशवी उशाला घेऊन झोपलेली माणसं तूही पाहिली आहेस.

पुढच्या जानेवारीत सांगलीहून ये. तिसरा रविवार असतो, आदल्या दिवशीच ये. आईने सांगितलंय, पुरणपोळी करीन म्हणून. वहिनींना नमस्कार, पिंटूला आशीर्वाद.

तुझाच,
नंदू