अश्वपालकांचे प्रशिक्षण यात्रेतच व्हावे

मा. संपादक,
स. न.

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजाराच्या बातम्या बहुधा अमुक घोड्याला किती लाखांची बोली लागली याच्याच असतात. घेतलेला घोडा निरोगी कसा ठेवायचा, हे मात्र घेणाऱ्याला कोणी पद्धतशीर शिकवत नाही. वरातीसाठी घोडी पाळणारे, माथेरानला पर्यटक नि सामान वाहणारे, हौसेखातर एखादा मारवाडी वा काठियावाडी घोडा बाळगणारे शेतकरी, अशा साऱ्यांचे ज्ञान वडीलधाऱ्यांकडून किंवा मोतद्दाराकडून, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराकडून, आलेले असते. चंदी (घोड्याचा खुराक), खरारा (अंग घासून साफ करणे), नालबंदी यांबाबत ते पुष्कळदा उत्तम असते. आजारपणात मात्र ते अपुरे पडते आणि कधी जिवावरही बेतते.

पोटशूळाचेच पाहा. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वळून वळून कुशीकडे पाहू लागला, लीद टाकेनासा झाला, की अनेक ठिकाणी बाटलीने तेल किंवा काढा त्याच्या घशात ओतला जातो. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात तुंबलेले वर येऊन मोकळे होण्याची सोय त्याला नाही. त्यात ओतलेले औषध श्वासनलिकेत उतरले, तर पोटशूळातून वाचलेले जनावरही फुप्फुसाच्या दाहाने दगावू शकते. याउलट जबड्याच्या खालच्या कडेवर बोटे टेकवून नाडी मोजता आली, तर एरवी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असणारे ठोके साठीपार गेल्याचे मालकाला स्वतःलाच समजेल आणि तो उजाडण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलावील. ही नाडी मोबाइलच्या पडद्यावर पाहून सापडत नाही. पहिल्या खेपेस कोणीतरी हात धरून बोट नेमक्या जागी ठेवावे लागते. खुराची उष्णता तपासणेही असेच, प्रत्यक्ष घोड्यापाशी शिकायचे.

म्हणून पशुसंवर्धन विभागाने आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी सारंगखेड्याच्या व माळेगावच्या यात्रेत, तसेच पावसाळ्यात पर्यटक रोडावले की माथेरानला, घोडे समोर उभे करून प्रात्यक्षिके घ्यावीत. सत्कार आणि भाषणे वगळली तरी चालतील. मालकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोतद्दारांना बोलवावे, कारण दिवसभर घोड्याजवळ तोच असतो.

यात्रा उठली की सारे पांगतात. ऑनलाइन वर्गाचा खरा उपयोग तेथून पुढे आहे. रात्री नऊनंतर, घोडे बांधून झाल्यावर, तासाभराचा वर्ग मराठीत आणि खानदेशापुरता अहिराणीत घेतला, तर धनुर्वाताची लस, जंतनाशके, चंदीचे प्रमाण यांवर निवांत बोलता येईल. लंगडणाऱ्या घोड्याची चाल मोबाइलवर टिपून तज्ज्ञांना दाखवता येईल. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातील तज्ज्ञ एरवी गावागावांत पोहोचणे अवघडच. या मार्गाने ते सहज भेटतील.

त्यांची सर्वाधिक गरज ग्लँडर्सच्या बाबतीत आहे. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते. साहजिकच नाकातून चिकट स्राव वाहू लागला, की मालक ते लपवतो आणि रक्ताचा नमुना घ्यायला आलेल्या कर्मचाऱ्याला टाळतो. त्याला नुसता निष्काळजी ठरवून भागणार नाही. ज्याचे घर एका घोडीवर चालते, त्याला भरपाई किती, कधी आणि कोणत्या कागदांवर मिळते याचे सरळ उत्तर आधी मिळायला हवे. यात्रेत एकाच हौदावर अनेक घोडे पाणी पितात, तेव्हा अशा एका लपवाछपवीची झळ किती जणांना बसेल, हेही त्याच वर्गात सांगता येईल.

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता भासू नये. यात्रेच्या आखणीतच प्रात्यक्षिकासाठी मैदानाचा एक कोपरा आणि सकाळची वेळ राखून ठेवावी, आणि घोड्याच्या खरेदीची पावती फाडतानाच घेणाऱ्याचा मोबाइल क्रमांक, त्याच्या संमतीने, पुढील ऑनलाइन वर्गांसाठी नोंदवून घ्यावा.

आपला,
एक सेवानिवृत्त पशुवैद्यक, शहादा