आई-बाबा, सप्टेंबरात या

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "एवढ्या लांब येऊन दगड काय बघायचे? आणि माझ्याच्यानं आता चालवत नाही." म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही इथल्या युटा राज्यातल्या कॅपिटल रीफ या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. आमच्या सॉल्ट लेक सिटीहून गाडीनं साधारण चार तास लागतात. तिथला निसर्गरम्य म्हणून राखलेला रस्ता जेमतेम 13 किलोमीटरचा, पण चांगला डांबरी, आणि जागोजाग गाडी बाजूला घेता येते. आई, तुला उतरायचीही गरज नाही. काच खाली केलीस की कडा समोर. तळाशी चॉकलेटी रंगाचे पातळ थर, त्यावर राखाडी, जांभळट, हिरवट माती, त्यावर सरळसोट लालबुंद भिंत आणि सगळ्यात वर पांढरे घुमट. जमिनीला इथे जवळजवळ 160 किलोमीटर लांबीची घडी पडली आहे, तिचेच हे उघडे पडलेले थर. चॉकलेटी फरशीवर मी हात फिरवला तर बोटांना बारीक वळ्या लागल्या. 20 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या उथळ पाण्यात उठलेल्या लाटांच्या खुणा त्या! मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही.

डांबर संपलं की कच्चा रस्ता ओढ्याच्या कोरड्या पात्रातूनच घळीत शिरतो. 1962 मध्ये नदीकाठचा हमरस्ता होईपर्यंत इथली सगळी ये-जा या घळीतून चालायची. पूर आला की लोक दगडगोटे उपसून वाट पुन्हा मोकळी करायचे. पुढे भिंतीवर जुन्या वाटसरूंनी कोरलेली नावं आहेत, अगदी 1871 पासूनची. तिथवर थोडं चालावं लागतं, तेवढं आई गाडीत बसेल. आभाळ भरलेलं असेल तर मात्र आत जायचंच नाही. पाऊस लांब वर पडतो आणि लोंढा इथे येतो. माण नदीला असं पाणी आलेलं बाबांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

पण बाबा, तुम्हाला न्यायचंय ते याच उद्यानातल्या फ्रूटा या जुन्या वस्तीला. या ओसाडात फ्रीमाँट नदीच्या काठी 1880च्या सुमारास मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांनी वस्ती केली आणि फळबागा लावल्या. पाऊस वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगोल्यापेक्षा कितीतरी कमी! वस्ती कधी दहा कुटुंबांच्या वर गेली नाही. आता माणसं गेली, पण चेरी, जर्दाळू, पीच, पेअर, सफरचंद अशी झाडं उद्यानाची माणसं अजून राखतात. पाणीही नदीतून काढलेल्या पाटानंच. आपल्याकडे ठिबक आल्यापासून पाटाचं पाणी बघायला मिळत नाही. इथे आळ्यांत शिरणारं पाणी बघून मला तुम्ही फावडं घेऊन दारं धरायचात ते आठवलं. फळं पिकली की बागेत उभं राहून हवी तेवढी खायची, घरी न्यायची तर तोलून पैसे पेटीत टाकायचे. वरती लाल कडा आणि खाली हिरवीगार बाग, हे मला तुमच्याबरोबर बघायचंय. शेतीतलं जे तुम्हाला दिसेल ते मला दिसत नाही.

सफरचंदं सप्टेंबर-ऑक्टोबरात असतात आणि ऊनही उतरलेलं असतं. तुमच्या आंबे बहाराची डाळिंबं ऑगस्टपर्यंत उतरतात, नंतर बागेला विश्रांतीच असते. तेव्हा फवारणीची सबब या वेळी चालणार नाही. जागा महाबळेश्वरापेक्षा उंचावर आहे, रात्री गार पडतं, म्हणून आईची शाल आणि बाबांची कानटोपी हवीच. आईच्या गुडघ्यांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट घ्या. दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून मुदत बघा आणि पहिल्या पानाचे फोटो आजच पाठवा, म्हणजे व्हिसाचे अर्ज मी इथून भरायला घेते.

तुमची,
मनू