जुने कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी एवढं बघा

संपादकसाहेब, नमस्कार.

विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंबी जावा, एकच ऐकायला मिळतंय, मशीन बाद झालं, नवीन घ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतंय, इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर बहुतेक बसत नाहीत, हे खरं. पण म्हणून चांगलं चालणारं मशीन टाकायचं?

विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम घाला म्हटलं की लोक अडतात कुठं, तर जुन्या मराठी फाईली श्रीलिपीत, कन्नड अर्ज नुडीत, हिशेब टॅलीत, आणि हे सगळं विंडोजवरचं. मग लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं केलेला कॉम्प्युटरातला कॉम्प्युटर, करा आणि विंडोज तिथं ठेवा की. त्याचं इंटरनेट बंद ठेवायचं, फाईल पीडीएफ करून लिनक्समधनं प्रिंट काढायची, झालं काम. लायसन्स तेवढं त्यालाही लागतंय.

त्यासाठी बहुतेकजण व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर घालतात. सोपं आहे, वाईट नाही, पण त्याचं मॉड्यूल (जोडभाग) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचं, कर्नल अपडेट झालं की परत बिल्ड व्हावं लागतंय, आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सॉफ्टवेअर तपासायची सोय) चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल लोडच होत नाही, मग ऐन लग्नसराईत पत्रिकेचं काम अडकतंय. व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम २००७ पासून कर्नलमध्येच आहे, म्हणून माझं मत त्यालाच. त्याच्या जोडीची क्यूईएमयू, लिबव्हर्ट आणि व्हर्ट-मॅनेजर ही सॉफ्टवेअरं घाला, यूजरला लिबव्हर्ट ग्रुपमध्ये घ्या, लॉगआऊट करून परत या. व्हर्च्युअलबॉक्स आणि केव्हीएम दोन्ही एकत्र मात्र चालवायला जाऊ नका, कर्नल ६.१२ पासून केव्हीएम लोड झालं की प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीनची सोय तेच धरून बसतंय आणि व्हर्च्युअलबॉक्स एरर देऊ शकतंय.

सगळ्यात आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरची ही सोय, इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम, चालू करा, पुष्कळ मशीनवर ते बंदच असतंय. रॅम ८ जीबी असेल तर ४ विंडोजला द्या, एकूणच ४ असेल तर आधी रॅम वाढवा. व्हर्च्युअल मशीनची डिस्क व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचा वेगवान प्रकार) निवडली तर विंडोज घालताना डिस्कची यादी रिकामी दिसते, तिथं बरेचजण हात टेकतात. घाबरायचं काही नाही, व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाईल) दुसरी सीडी म्हणून जोडा, 'लोड ड्रायव्हर' दाबा, डिस्क लगेच दिसते. डीटीपी सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (लायसन्सची चावी) असेल तर व्हर्ट-मॅनेजरच्या अ‍ॅड हार्डवेअरमध्ये यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून तो आत द्यायचा.

आणि खानापूरकडं पावसाळ्यात लाईट कशी जाते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळं यूपीएस पाहिजेच, आणि व्हर्च्युअल मशीन बंद करून त्याच्या डिस्कची फाईल दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉट (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची साठवलेली स्थिती) त्याच डिस्कवर असतोय, तो बॅकअप नव्हे.

आपल्या मराठी शाळा, वाचनालयं, पतसंस्थांच्या संचालकांना कळकळीची विनंती, नवीन मशीनचं कोटेशन पास करायच्या आधी एका जुन्या मशीनवर हे महिनाभर चालवून बघा.

एक डीटीपीवाला, खानापूर