बाई, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय बाई,

जय ख्रिस्त.

हे पत्र लिहू नका, असं वकिलांनी दोनदा बजावलंय. केस चालू आहे, एखादा शब्द अंगाशी येईल म्हणतात. येऊ दे. चर्चच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांना वाटतं मी तुमच्याशी बोलत नाही, उरलेल्यांना वाटतं तुम्ही माझ्याशी. तेव्हा आभार मानायचे तर चारचौघांतच मानलेले बरे.

कापणीच्या सणाचा तो रविवार. भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा लिलाव आटोपून पंगत बसली होती. मी जेवत होते आणि ती माझ्या तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन भिंतीशी उभी होती. (तिचं नाव लिहीत नाही, कायद्याने लिहिता येतही नाही.) तुम्ही वाढता वाढता थांबलात. "ही कोण गं?"

"घरातलीच आहे, बाई."

"मग हिचं ताट कुठंय?"

मी हसून म्हटलं, ती मागाहून जेवते. तुम्ही काही बोलला नाहीत. वरणाची बादली खाली ठेवून तिलाच विचारलंत, कितवीत आहेस? बाकीची पोरं "सहावी ब" म्हणतात ना, अगदी त्याच सुरात ती म्हणाली, "मी कामाला आहे."

बारा वर्षांची होती. ते मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी तुम्ही नौपाड्याहून बस बदलत कासारवडवलीला आलात. सत्तरी उलटलेल्या बाईला घोडबंदर रोडच्या त्या खोदकामातून आलेलं पाहून मला वाटलं, मंडळीच्या इमारत फंडासाठी आला असाल. तिने चहा आणला. तुम्ही तो घेतला नाहीत. तुम्ही स्वयंपाकघरात पाहत होता, सिंकपुढे ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलाकडे. त्यावर उभं राहिल्याशिवाय तिचा हात नळाला पुरत नसे. ते स्टूल मीच डी-मार्टमधून आणलं होतं, आणि आणताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, की बघा, किती काळजी घेते मी.

मग मी सगळं ऐकवलं. दोन वेळ पोटभर जेवते. दिवाळीला नवे कपडे घेतले. आईबाप वीटभट्टीवर, तिथे तिचे हालच झाले असते. जूनला शाळेत घालणारच होते. आणि शेवटी, म्हणे, फार उपयोगी पोरगी आहे हो.

तुम्ही म्हणालात, "अनेसिम या नावाचा अर्थ तोच. उपयोगी."

बायबलमधलं फिलेमोनाचं पत्र आम्हाला संडेस्कूलमध्ये तुम्हीच शिकवलं होतंत. अनेसिम नावाच्या पळून गेलेल्या दासाला प्रेषित पौल परत पाठवतो आणि धन्याला लिहितो की त्याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. गोष्ट म्हणून मला ती नेहमी आवडायची. पण त्याच पत्राचा आधार घेऊन ख्रिस्ती माणसांनी पिढ्यान् पिढ्या गुलाम बाळगले, हेही तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. "पत्र वाचलं म्हणून कोणी सुटत नाही. धनी काय करतो ते बघायचं असतं." आणि पर्समधून फोन काढलात. "मी 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावतेय. तुला सांगायला आलेय, विचारायला नाही."

माझ्याच सोफ्यावर बसून तुम्ही माझी तक्रार केलीत. घरी जाऊन केली असतीत तर मी तिला त्याच रात्री तिच्या "मावशी"कडे धाडून दिलं असतं, हे तुम्ही ओळखलं होतंत. मी खरंच तेच केलं असतं.

चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 सालापासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, नाहीतर दोन्ही. हे सगळं मला नंतर कळलं, आणि कळल्यावर आधी तुमचाच राग आला. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये अशा आणखी मुली आहेत, मग मीच का? महिला मंडळाच्या ग्रुपवर मी तुम्हाला घरभेदी म्हटलं. तो मेसेज नंतर डिलीट केला, पण तुम्ही वाचला होतात, मला ठाऊक आहे.

खरा धक्का पुढेच होता. मुलीला बालकल्याण समितीपुढे नेलं, तिथे तिच्या आईला बोलावलं आणि सगळं उकललं. मी दर महिन्याला जिच्या हातात दोन हजार ठेवायचे ती मावशी तिची कोणीच नव्हती. मुकादमाची माणूस होती. कुटुंब कातकरी. पावसाळ्यात घरात दाणा नसताना बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि दिवाळीनंतर सगळे भिवंडीकडच्या भट्टीवर. हजार विटांमागे मजुरी ठरलेली, पण ती उचलीत वळती. दर शनिवारी खर्चीपुरते पैसे हातावर, हिशोब मुकादमाच्या वहीत. पाऊस पडला, विटा भिजल्या, तरी कर्ज यांच्याच नावावर. माझे दोन हजारही त्याच वहीत जमा होत होते. म्हणजे मुलगी आमच्याकडे कामाला नव्हतीच. गहाण होती.

आणि बाई, त्याच वर्षी मी महिला मंडळाबरोबर केडगावला गेले होते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात स्वतः जाऊन शेकडो मुली आणल्या, हे मुक्ती मिशनच्या आवारात ऐकताना माझे डोळे भरून आले होते. तेव्हा ती घरी माझ्या मुलाला भरवत होती.

भट्टीची तड तुम्ही आणि एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी लावलीत. तहसील कचेरीच्या किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही, तुमच्या गुडघ्यांनी मोजलं असेल. वेठबिगारीचा कायदा 1976 चा आहे, त्यात असलं कर्ज रद्दच होतं, तरी त्या बापाच्या हातात मुक्तीचा दाखला पडायला पाच महिने गेले. कागद उलटसुलट करून त्याने विचारलं, "मंग वही?" ती वही आता चालत नाही, हे तुम्ही त्याला तीनदा सांगितलंत.

पण मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. पोलीस स्टेशनात तुम्ही माझ्याविरुद्ध जबाब दिलात, सही केलीत आणि बाहेर येऊन माझ्याच शेजारी बाकावर बसलात. नवरा फोन उचलत नव्हता. मंडळीतलं कोणी आलं नव्हतं. तुम्ही पिशवीतून डबा काढलात, बाजरीची भाकरी आणि ठेचा, आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवलीत. "खा. रात्र होईल." एवढंच. माफ केलं म्हणाला नाहीत, प्रार्थना करू या असंही म्हणाला नाहीत. त्या क्षणी कोणी प्रार्थना केली असती तर मी उठून गेले असते.

नंतर लाइट बिलाच्या पाठीमागे तुम्ही हिशोब मांडायला लावलात. चोवीस तासांची बाई आमच्या भागात पंधरा हजार घेते. तेरा महिने. त्यातून त्या "मावशी"ला दिलेले वजा करू का, असं मी विचारलं आणि तुम्ही नुसतं चष्म्यावरून पाहिलंत. 1,95,000 मी तिच्या नावावर बँकेत ठेवले. तीन हप्ते लागले.

ती शहापूरकडच्या आश्रमशाळेत आहे, सातवीत, एवढं तुमच्याकडून कळलं. मला भेटायची तिची इच्छा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि गोड करून सांगितलं नाहीत, ते बरं केलंत.

तुमचा तो डबा त्या दिवसापासून माझ्याकडे आहे. स्टीलचा, झाकणावर मिस्टरांचं नाव कोरलेला. रिकामा कसा परत करायचा म्हणून राहिला. या रविवारी आणते. भाकरी मला नीट थापता येत नाही, काठ चिरतात. चालेल ना?

तुमची,
संडेस्कूलमधली शेवटच्या बाकावरची