तक्रार: कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतं, आणि तुमच्या लेखी ते ‘नॉर्मल’ आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसलो. चासी नंबर, बिलं, जॉब कार्डं सोबत जोडली आहेत. कार्बोरेटर तुमचाच आहे, तेव्हा तो कसा चालतो हे तुम्हाला सांगायची वेळ येऊ नये. पण आली आहे. टाकीतलं पेट्रोल आधी त्याच्या चेंबरमध्ये येतं. तिथे फ्लोट तरंगतो, आणि पातळी भरली की तो नीडल वर दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. वाट बंद झाली नाही, तर जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं.

इंजिन बंद करून दुचाकी उभी केली की काही वेळाने ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकायला लागतं. सकाळी खाली डबकं दिसत नाही, कारण पेट्रोल उडून गेलेलं असतं. उरतो तो डाग आणि नाकात जाणारा वास. सर्व्हिस सेंटरने आधी पेट्रोलची नळी बदलली. मग चेंबरचं पॅकिंग. मग एअर फिल्टर. गळती कार्बोरेटरच्या पोटातून आणि बदलला एअर फिल्टर! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पॅकिंग गेलं असतं तर चेंबर जोडावर ओला दिसला असता. तो बाहेरून कोरडा ठणठणीत होता, हे मी दाखवलं. तुमच्या सुपरवायझरने मान डोलावली आणि बिलात पॅकिंग लिहिलं.

शेवटी तपासणी मीच केली. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक ऑनवर, इंजिन बंद. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडली, तर पेट्रोल येतच राहिलं. हा व्हॅक्यूमवर, म्हणजे चालू इंजिनाच्या ओढीवर उघडणारा कॉक आहे. इंजिन थांबलं की त्याने पेट्रोल तोडायला हवं. म्हणजे त्याचा पडदा किंवा आतलं सील गेलेलं आहे. पुन्हा नळी जोडली, चेंबरच्या ड्रेन तोटीला पारदर्शक नळी लावली, ती वर वळवून चेंबरला टेकवली आणि ड्रेन स्क्रू सैल केला. नळीत दिसते तीच आतली पातळी. ती चेंबर बॉडीला जिथे जोडतो त्या रेषेखाली थांबायला हवी होती. ती वर चढत गेली. पातळी जागेवर राहून गळत असतं तर ड्रेन स्क्रूची ओ-रिंग किंवा चिरलेला ओव्हरफ्लो पाइप, असा संशय घेता आला असता, कारण दोघांची वाट एकाच तोटीतून आहे. इथे तो प्रश्नच उरला नाही. नीडल पेट्रोल अडवत नाहीये.

फ्लोट काढून गरम पाण्यात दाबून धरला, बुडबुडा आला नाही. फ्लोट शाबूत. उंचीही मापून पाहिली, बरोबर. नीडलच्या रबरी टोकावर मात्र गोल खाच पडलेली होती. म्हणून तुमचंच जेन्युइन रिपेअर किट आणलं, नवी नीडल बसवली. गळती तशीच! कारण नीडल जिथे टेकते ती पितळी सीटही झिजली आहे, आणि ती सीट तुम्ही बॉडीत ठोकून बसवली आहे. पार्ट्स काउंटरवर उत्तर मिळालं, ‘सीट सुटी येत नाही, अख्खा कार्बोरेटर घ्या.’ धन्य आहे.

मधल्या काळात ऑइलच्या काचेतली पातळी आपोआप वाढली. ऑइलला पेट्रोलचा वास. हे सांगितल्यावर तुमच्या लोकांनी ऑइल बदललं आणि पैसे लावले. पेट्रोल इंजिनात गेलंच कसं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. ऑइल पातळ झालं की बेअरिंगचं काय होतं, आणि सिलिंडर पेट्रोलने भरलेला असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉडचं काय होतं, ते तुमचे इंजिनिअर सांगतील. असतील तर.

आता आजचा फोन. तो जसाच्या तसा देतो, कारण तुमच्याकडे ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड होतोच.

‘सर, कार्बोरेटरच्या गाडीत थोडं पेट्रोल गळणं नॉर्मल आहे.’
‘थोडं म्हणजे किती?’
‘वास येईल इतपत, सर.’
‘आणि आग लागेल इतपत?’
‘सर, तुम्ही रात्री कॉक बंद करत जा ना.’
‘या कॉकला बंदची खूण तुम्ही दिलेलीच नाही. ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम, एवढंच आहे. प्राइमवर तर इंजिन बंद असतानाही पेट्रोल सुरूच राहतं.’

मग होल्डवरचं संगीत. बराच वेळ. परत आल्यावर फोनवरची मुलगी म्हणाली, ‘सर, टेक्निकल टीमने सांगितलंय, टाकी कमी भरत जा.’

टाकी कमी भरत जा! म्हणजे गळायला पेट्रोलच उरणार नाही. या टेक्निकल टीमला माझा नमस्कार सांगा. त्या मुलीवर माझा राग नाही, तिच्यासमोर जे लिहिलेलं असतं ते ती वाचते. राग ते लिहून देणाऱ्यावर आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते. वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि एक ठिणगी पुरते. आणि एअर फिल्टरचे पैसे मी अजूनही विसरलेलो नाही.

आमच्या घरात याआधीची गाडीही तुमचीच होती. तिच्यासाठी कस्टमर केअरचा नंबर कधी शोधावा लागला नाही. पुढची तुमची नसेल, एवढं नक्की.

मला हवं आहे ते असं: सीटसह नवा कार्बोरेटर आणि नवा कॉक, विनामूल्य. ऑइल, पॅकिंग आणि एअर फिल्टरचे पैसे परत. हे जमणार नसेल, तर ‘पेट्रोल गळणं नॉर्मल आहे’ हे वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर लिहून, जबाबदार इंजिनिअरच्या सहीनिशी पाठवा. वकिलाला तो कागद फार उपयोगी पडेल. तोही आला नाही तर रेकॉर्डिंगची मागणी नोटिशीतूनच येईल.

आपला, अजून तरी ग्राहक

ता. क. टाकी रिकामी करून गाडी उघड्यावर उभी केली आहे. ती मी ढकलत आणणार नाही. न्यायला माणूस तुम्ही पाठवा. एअर फिल्टर तपासणारा नको.